धर्माचा तास

ब्रोन्काने चमचा डाव्या हाताने उचलला. एवढंच झालं. दुपारची वेळ, ताटात उकडलेले बटाटे आणि कांदा घालून कालवलेलं पनीर, खिडकीबाहेर शेजारच्या हांकेबाईंच्या कोंबड्यांचा कलकलाट, समोर माझा नवरा वालेंती रेल्वेची टोपी गुडघ्यावर ठेवून नेहमीसारखा खाली मान घालून जेवतोय, आणि आमची बारा वर्षांची पोरगी डाव्या हाताने बटाटा फोडायला बघतेय अन् तो बटाटा ताटभर पळतोय. मी हसणारच होते. ‘काय गं, उजवा हात कुठे विकून आलीस?’ असं ओठापर्यंत आलं होतं. मग दिसलं की उजवा हात तिने एप्रनखाली मांडीवर दडवून ठेवलाय. ‘दाखव,’ मी म्हटलं. ‘काही नाही गं, आई.’ ‘दाखव म्हणते ना!’ तिने हात वर काढला. बोटं इतकी सुजली होती की एकमेकांजवळ येत नव्हती, आणि मधल्या बोटाच्या पेरावर कातडं फुटलं होतं. वालेंतीने पाहिलं. पाहिलं आणि पुन्हा ताटात बघायला लागला. त्या क्षणी मला सगळ्यात जास्त राग कुणाचा आला म्हणाल, तर शाळेतल्या मास्तरचा नाही, बर्लिनला बसलेल्या कैसरचाही नाही, त्या पळणाऱ्या बटाट्याचा आला. उचलला आणि भिंतीवर हाणला. ‘अन्न आहे ते, बाल्बिना,’ वालेंती म्हणाला. ‘आणि ही कोण आहे?’ मी म्हटलं.

मला माहीत नव्हतं असं नाही. माणसं पोलिश आणि राज्य जर्मनांचं, अशा आमच्या अख्ख्या ओल्शिना गावाला माहीत होतं. हिशेब जर्मनमध्ये, भूगोल जर्मनमध्ये, गाणीसुद्धा जर्मनमध्ये, हे तर माझ्या लहानपणापासून हळूहळू होत आलं होतं. धर्माचा तास तेवढा आमच्या पोलिशमध्ये उरला होता, कोल्ह्याने खुराडं साफ केल्यावर कोपऱ्यात एखादी कोंबडी उरते तसा. यंदा पानगळीच्या दिवसांत फतवा आला आणि तीही गेली. नवी जर्मन धर्मपुस्तकं वाटली तेव्हा मुलींनी ती हाताने घेतली नाहीत, एप्रनचं टोक बोटांवर घेऊन त्यात धरली, गरम भांडं धरतात तशी. हे त्या शिकल्या व्झेश्न्या गावच्या मुलांकडून. पाच वर्षांपूर्वी तिथल्या पोरांना याच पायी मारलं, आणि शाळेपुढे जाऊन ओरडल्या म्हणून त्यांच्या आयांना कोर्टात उभं करून तुरुंगात घातलं. आमच्याकडे पोलीस दारोदार विचारत फिरतात, पोरांना कोणी शिकवलं? अरे, शिकवायला कशाला हवं कोणी? रविवारी चर्चच्या अंगणात पोरांनी आपसात ठरवलं आणि सोमवारपासून तोंडाला कुलूप. मास्तर जर्मनमध्ये विचारतात, ‘तुला कोणी निर्माण केलं?’ आणि वर्ग मूग गिळून बसतो. एकेकाला उभं करतात, पुन्हा तेच विचारतात, पुन्हा गप्प, की हात पुढे आणि त्यावर छडी. ब्रोन्का घरी येऊन सगळं सांगायची, कोण रडलं, कोण हसलं, कोणाला शाळा सुटल्यावर कोंडून ठेवलं. तिच्या हाताचं मात्र कधी बोलली नाही. मीही विचारलं नाही. आईला काही गोष्टी विचारायच्या नसतात, विचारल्या की मग काहीतरी करावं लागतं.

त्या दिवशी वालेंती जेवून उठला नाही. पाणी प्यायला, मिशा पुसल्या, आणि म्हणाला, ‘स्टेशनमास्तरने बोलावलं होतं.’ मग एकेक शब्द खेचून काढल्यासारखा सांगू लागला. येत्या मंगळवारी धर्माच्या तासाला शाळांचा इन्स्पेक्टर येणार. सरकारी नोकरांच्या घरची जी पोरं गप्प बसतात त्यांच्या आईबापाने वर्गात यायचं, आणि सगळ्यांसमोर पोराला सांगायचं की मास्तरांना जर्मनमध्ये उत्तर दे. नाही सांगितलं तर बदली, वेस्टफालियात, कोळशाच्या खाणींकडे, देशाच्या दुसऱ्या टोकाला. ही रेल्वेची खोली लगेच रिकामी करायची. ‘माझी तर पाळी आहे मंगळवारी. साहेब म्हणाले, बायकोला पाठव. घरात तोंड तिचंच चालतं, असं ऐकलंय म्हणाले.’ ‘अगदी बरोबर ऐकलंय,’ मी म्हटलं. ‘थट्टा नको. तू जाशील आणि सांगशील. पोरीने एक वाक्य म्हणायचंय. देवाला काय, सगळ्याच भाषा कळतात.’ ‘देवाला कळतात रे. पण देवाने नाही मारलं तिला.’ ‘बाल्बिना, ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी.’ ‘टाळी वाजवायला हात धड लागतो ना!’ मी ब्रोन्काचा हात त्याच्या नाकापुढे धरला. पोरगी कळवळली, तेव्हा मीच शरमले आणि सोडला.

वालेंतीला भित्रा म्हणणं सोपं आहे. मीही म्हटलंय, तोंडावर म्हटलंय. पण तो जमीनदाराच्या गोठ्यात जन्मला, लग्नापर्यंत घोड्यांच्या पायाशी झोपला. तो सांधेवाला झाला, ती टोपी डोक्यावर आली, तेव्हा त्याने मला स्टेशनवर नेऊन तो लोखंडी दांडा दाखवला होता. हा मी ओढला की अख्खी गाडी इकडची तिकडे जाते, म्हणाला, आणि लहान पोरासारखा हसला. ही खोली म्हणजे त्याच्या आयुष्यातलं स्वतःची चूल असलेलं पहिलं छप्पर. रुळांच्या कडेने बटाट्याचा पट्टा आहे, त्यातला दगड न् दगड त्याने वेचलाय. आणि आमची दोन लेकरं इथल्या कबरस्तानात आहेत. ब्रोन्काच्या आधीची. ऑल सेंट्सच्या दिवशी मेणबत्त्या लावायला जातो तेव्हा तो मला पुढे घालतो आणि मागे राहून काय बोलतो त्यांच्याशी, कोण जाणे. वेस्टफालियाला गेलो की त्यांना मेणबत्ती कोण लावणार? हे तो म्हणाला नाही. त्याची नजर खिडकीतून त्या बाजूला गेली आणि मला कळलं. मी म्हटलं, ‘बरं. सांगेन.’ तो म्हणाला, ‘शब्द?’ मी म्हटलं, ‘शब्द.’ तो गेला, आणि भिंतीवर फुटलेला बटाटा मी खरवडत बसले. ब्रोन्का तिथेच उभी होती. ‘तू खरंच सांगशील, आई?’ ‘सांगेन.’ ‘आणि मी ऐकलं नाही तर?’ ‘मार खाशील.’ ‘तो तर खातेच आहे,’ ती म्हणाली. हे उद्धटपणे म्हणाली असती तर मी एक लगावली असती. आज गुरुवार आहे, असं म्हणावं तशी म्हणाली.

संध्याकाळी हांकेबाई मागच्या दाराने आल्या, हातात हंसाच्या चरबीची वाटी. जर्मन, लुथरपंथी, नवरा टपाल खात्यात. ब्रोन्काच्या हाताला त्यांनीच चरबी लावली, फुंकर घालत, आणि जर्मनमध्ये स्वतःशीच शिव्या मोजत होत्या. ‘आमच्या लुथरने देवाला लॅटिनमधून काढून आमच्या स्वयंपाकघरात आणला,’ म्हणाल्या, ‘त्यापायी केवढं रण माजलं, किती डोकी फुटली! आणि आता आमचेच हे दाढीवाले साहेब तुमच्या स्वयंपाकघरातून त्याला बाहेर काढायला निघालेत. लाज नाही मेल्यांना.’ मग दाराशी थबकून हळूच म्हणाल्या, ‘मी असं म्हटलं हे कुठे बोलू नका हं, बाल्बिनाबाई.’ मी म्हटलं, ‘नाही बोलणार.’ बघा, सगळेच कशाला ना कशाला घाबरून होते. एक ती पोरं सोडून.

मंगळवारी निघाले तेव्हा अंगावर चर्चचा काळा कोट घातला होता. रुळांकडून बाजारचौकात यायला रस्ता सरळ आहे, पण मी फिरून गेले. वेळ हवा होता. कसला वेळ, माहीत नाही. घराघरात कोबी चिरून पिपांत दाबायचे दिवस, सगळ्या गल्लीत तो आंबट हिरवा वास, आणि मी मनात ते वाक्य घोकत चालले होते. ब्रोन्का, मास्तरांना जर्मनमध्ये उत्तर दे. ब्रोन्का, मास्तरांना उत्तर दे. ब्रोन्का, बाळ. कसंही म्हटलं तरी ते वाक्य माझं होत नव्हतं. मला जर्मन येत नाही असं समजू नका. लग्नाआधी मी एका जर्मन वकिलाच्या घरी कामाला होते, त्यांच्या पोरांना मीच जर्मन अंगाईगीतं म्हणून झोपवलंय. भांडायला तर त्या भाषेसारखी भाषा नाही, प्रत्येक शब्दाला टाच आहे. माझं त्या भाषेशी वैर नाही. भाषेने माझं काय केलंय? पण पाहुणा म्हणून घरात घेतलेला माणूस एक दिवस म्हणू लागला की आता तुमच्या अंथरुणात मी निजणार, तर त्याला काय म्हणायचं? औषधाच्या दुकानाशी उभी राहून मी हा विचार करत होते. आतून दुकानदार बघत होता, ही बाई एकटीच काय पुटपुटतेय म्हणून. बघ मेल्या, बघ.

आणि मग रिबित्स्कांच्या घरावरून जावं लागलं. आता तिथे खोगीरवाला राहतो. माझ्या लहानपणी तिथे विधवा रिबित्स्काबाई राहायच्या, आणि हिवाळ्यात संध्याकाळी गल्लीतल्या पोरी त्यांच्याकडे पिसं सोलायला जमायच्या. हंसाचं पीस घ्यायचं, दांडीवरून मऊ मऊ ओरबाडून काढायचं, दांडी टाकायची, मऊ ते पोत्यात, पोरींच्या लग्नाच्या उशा-गाद्यांसाठी. टेबलावर पांढरा ढीग. शिंकायचं नाही, मोठ्याने हसायचं नाही, दार उघडायचं नाही, नाहीतर सगळं उडतं. आणि त्या ढिगाखाली पोलिश अक्षरओळखीचं पुस्तक. शाळेत आम्हाला धड शिकवत नव्हते ती आमची अक्षरं मी तिथे शिकले, बोटाने पिसं बाजूला सारून एकेक ओळ. झडतीला पोलीस शिपाई आला की रिबित्स्काबाई ओरडायच्या, ‘दार लावा हो, पिसं उडतील!’ आणि तो बिचारा उंबऱ्यावरूनच परत. त्याच्या कोटाला एवढी पिसं चिकटायची की गावभर लोक विचारत, काय साहेब, अंडी घालायला बसला होता का? टेबलाखाली त्यांचा मुलगा असायचा, इग्नाश. हंस कापायच्या दिवशी रडून ताप यायचा त्याला, इतका हळवा. आम्हा सगळ्यांपेक्षा आधी वाचायला तोच शिकला. हुशार होता. हुशार होता म्हणून सरकारने उचलला, शिकवायला पाठवला, कपडे दिले, पुस्तकं दिली, आणि वीसेक वर्षांनी आमच्याच शाळेत मास्तर करून परत पाठवला. इग्नाश आता जर्मन इग्नाट्स झाला. आईच्या मातीला नवा कोट घालून उभा होता, चेहरा कोरा. तोच ब्रोन्काचा मास्तर. त्याच्या आईने माझ्या तोंडात जे घातलं ते तो माझ्या पोरीच्या हातातून काढत होता. रस्त्यात भेटला की टोपी काढायचा आणि जर्मनमध्ये सुप्रभात म्हणायचा. मीही म्हणायचे. दोघंही घाईत असल्यासारखे पुढे जायचो.

वर्गात शेगडीचा धूर होता, ओल्या लोकरीचा वास, शाईचा वास. दार शिपायाने उघडलं. समोर कैसरचं चित्र, त्याखाली खुर्चीवर इन्स्पेक्टर, मांडीवर हातमोजे, बाजूला इग्नाश, म्हणजे आता रिबित्स्की मास्तर, हातात छडी घेऊन, आणि बाकांवर पोरं, हात बाकावर, मान सरळ. ब्रोन्का दुसऱ्या रांगेत. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. आणि मी आत पाऊल टाकलं, तसं माझ्या तोंडातून आपोआप निघालं, आमच्याकडे कुणाच्याही उंबऱ्याच्या आत पाय ठेवताना निघतं तेच. ‘येशू ख्रिस्ताची स्तुती असो.’ पोलिशमध्ये. मी काही मुद्दाम म्हटलं नाही हो. शपथ घालून विचारा. दारात शिरताना मान खाली जाते ना, तशी जीभ जाते. आणि आमच्यात ते ऐकलं की उत्तर द्यायचं असतं, मग राजा असो की चोर, तोंडात घास असला तरी. नाही दिलं तर रिबित्स्काबाई आपल्या पोराच्या पाठीत धपाटा घालायच्या, देवाला उंबऱ्यावर ताटकळत ठेवतोस का रे, म्हणून. वर्गात आता ते बंद होतं. पोरं गप्प राहिली. आणि त्या शांततेत, खणखणीत, पोलिशमध्ये, आवाज आला, ‘युगानुयुगे, आमेन.’

मास्तरांचा आवाज. इग्नाशचा. सगळा वर्ग गर्रकन वळला. त्याला स्वतःलासुद्धा कळलं नव्हतं. मला आठवतं, तो दाराकडे बघत होता, कोण बोललं ते बघायला. मग मानेपासून लाली चढत गेली, कानांपर्यंत. इन्स्पेक्टरने विचारलं, ‘आपण काय म्हणालात, मास्तर?’ ‘सवय, साहेब. जुनी सवय.’ ‘सवयी मोडता येतात,’ इन्स्पेक्टर म्हणाला, अगदी शांतपणे, खेकसला असता तर बरं वाटलं असतं. ‘त्यासाठीच तर आपण इथे आहोत.’ मागच्या बाकावर कुणीतरी खुदकन हसलं आणि मास्तरच्या हातातली छडी हलली. मी त्याच्याकडे बघत राहिले. मला एकाच वेळी त्याची कीव आली आणि त्याला धरून गदागदा हलवावंसं वाटलं. वीस वर्षं यांनी याला घासलं, धुतलं, नाव बदललं, आईच्या मातीला रडू दिलं नाही. आणि आत काय शिल्लक? उंबऱ्यावर कुणी हाक मारली की ओ देणारं पोर. पण ते पोर चुकून बाहेर येतं. आणि आल्यावर त्याला लाज वाटते. आज मी ब्रोन्काला बोलायला लावलं तर ब्रोन्का बोलेल, माझं ऐकते ती. बोलेल, शाळा पास होईल, बापाची खोली राहील, पट्टा राहील. आणि पुढे केव्हातरी कुणाच्या तरी दारात ती अशीच चुकून आपल्या भाषेत बोलून जाईल आणि अशीच लाल होईल. नको रे बाबा. त्यापेक्षा सुजलेला हात परवडला, हात उतरतो.

‘बाई, आपल्या मुलीला सांगा,’ इन्स्पेक्टर म्हणाला. ‘मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं.’ मी दोन बाकांच्या मधून पुढे गेले. वालेंतीला दिलेला शब्द जिभेवर होता, कडू गोळीसारखा. ब्रोन्काने आता वर पाहिलं. तिचे डोळे कोरडे होते, हनुवटी मात्र थरथरत होती, आणि त्या हनुवटीवरून मला कळलं की ती छडीला नाही, मला घाबरलीय. मी काय बोलेन याला. हे माझ्या काळजाला असं लागलं म्हणून सांगू! मी म्हटलं, ‘ब्रोन्का, उभी राहा.’ पोलिशमध्येच म्हटलं. ती उभी राहिली. ‘ब्रोन्का, तुला कोणी निर्माण केलं?’

हे मी घरून ठरवून आणलं नव्हतं. इन्स्पेक्टरला पहिल्यांदा वाटलं, मी तिला समजावतेय. त्याने मानही डोलावली. पण मास्तरला कळलं. पोरांना कळलं. ब्रोन्काच्या तोंडून त्या वर्गात कित्येक आठवड्यांत अक्षर निघालं नव्हतं, तिचा आवाज सुरुवातीला खरखरला, बंद पेटीचं झाकण उघडावं तसा, आणि मग ती म्हणाली, ‘देवाने मला निर्माण केलं.’ आमच्या भाषेत. सगळ्यांना ऐकू जाईल असं. साहेबांनीच सांगितलं होतं ना, मोठ्याने म्हणून? इन्स्पेक्टर उठला. हातमोजे खाली पडले. ‘मास्तर!’ एवढंच म्हणाला, आणि छडीकडे बोट केलं.

आणि त्याने मारलं. खोटं कशाला सांगू? क्षणभर मला वाटलं होतं, आता इग्नाश छडी फेकेल. रिबित्स्काबाईचा मुलगा, पिसांच्या ढिगाखाली वाचायला शिकलेला, तो नाही मारणार. पण माणसं आपल्या मनासारखी वागायला बांधील थोडीच आहेत? ब्रोन्काने आपणहून हात पुढे केला, डावा, आणि त्याने मारलं, माझ्यासमोर. तो आवाज घरातल्या भांड्याकुंड्यांत मला अजून सापडतो. मी एक पाऊल पुढे टाकलं तर शिपायाने माझा दंड धरला. ब्रोन्का म्हणाली, ‘देवाने मला निर्माण केलं.’ पुन्हा. रागाने नाही, रडत नाही, पुढचा प्रश्न येत नाही म्हणून मागचंच उत्तर पुन्हा दिल्यासारखी. तेव्हा खिडकीकडच्या रांगेतून गिरणीवाल्याची मुलगी उठली, एवढीशी, वेण्या घट्ट बांधलेली, आणि तिने पुढचा प्रश्न विचारला. ‘कशासाठी निर्माण केलं?’ आणि अख्खा वर्ग उठला, बाक सरकले, आणि सगळे एकदम म्हणाले, ‘त्याला ओळखावं म्हणून, त्याच्यावर प्रेम करावं म्हणून!’ मग दुसऱ्या कुणीतरी पुढचा प्रश्न, पुन्हा सगळ्यांचं उत्तर. इन्स्पेक्टर टेबलावर मूठ आपटत होता, त्याची मूठ दिसत होती, आवाज ऐकू येत नव्हता. धर्माचा तास होता, आणि पोरं धर्माचा तास घेत होती. मास्तर फळ्याला पाठ लावून उभा होता. छडी खाली. त्याचे ओठ हलत होते का? मी शपथेवर नाही सांगणार. मला तसं दिसावंसं वाटत होतं, तेव्हा माझ्या डोळ्यांवर भरवसा नको.

शिपायाने मला व्हरांड्यात काढलं. इन्स्पेक्टर मागोमाग आला, चेहरा पांढराफटक. ‘याचा परिणाम काय होईल, कळतंय का तुम्हाला?’ एकेक शब्द तोडून, बहिऱ्याशी बोलतात तसा. मी त्याला जर्मनमध्ये उत्तर दिलं, वकिलाच्या घरच्या स्वच्छ जर्मनमध्ये. ‘कळतंय, साहेब. व्झेश्न्याच्या आयांचं काय झालं तेही माहीत आहे. तुमची भाषा मला चांगली येते, त्यात काय सांगाल ते ऐकेन. पण देवाची ओळख पोरीला मी करून देईन, तुम्ही नाही.’ त्याला बहुधा वाटलं होतं, हे लोक हट्ट करतात ते जर्मन येत नाही म्हणून. आतून आवाज येतच होते. पायऱ्या उतरताना मी कठड्याला धरून उभी राहिले, आणि मग जे रडू फुटलं ते फुटलं. आनंदाने नाही आणि दुःखानेही नाही. वालेंतीला कसं सांगायचं, या विचाराने.

स्टेशनवर गेले तर तो सांध्याच्या दांड्याशी उभा होता, दोन्ही हातांनी दांडा दाबून धरलेला. मालगाडी यायची होती. अशा वेळी त्याला हलता येत नाही, गाडी पूर्ण जाईपर्यंत हात काढता येत नाही. तेच बरं होतं. मी त्याच्या शेजारी उभी राहून सगळं सांगून टाकलं, एका दमात, शब्द मोडला तेही, मास्तरने मारलं तेही, इन्स्पेक्टरला काय म्हटलं तेही. गाडी आली. कोळशाचे डबे, एकामागून एक, धडधड, धडधड, जमीन हलतेय, तो बोलू शकत नाही, मी त्याच्या चेहऱ्याकडे बघतेय आणि चेहऱ्यावर काही दिसत नाहीये. खोली गेली याची. बटाट्याचा पट्टा गेला. ती दोन लेकरं. मी मनात म्हणत होते, शिव्या दे, पण बोल. शेवटचा डबा गेला. त्याने दांडा सोडला, हात झटकले, आणि माझ्यावर असा ओरडला की लांबचे हमाल वळून बघायला लागले. ‘अक्कल गहाण टाकलीस का! शब्द दिला होतास मला! आता काय, पोरीला घेऊन कोळशात राहायचं?’ मी म्हटलं, ‘हो.’ ‘कबरींना मेणबत्ती कोण लावणार?’ ‘हांकेबाईंना सांगेन.’ ‘ती लुथरवाली!’ ‘लुथरवाली असली म्हणून काडी ओढता येत नाही का तिला?’ तो पाठ फिरवून रुळांकडे बघत उभा राहिला. टोपी काढली, आतून पुसली, पुन्हा घातली.

‘रडली का?’ त्याने विचारलं. पाठ तशीच.

‘नाही.’

‘आणि बाकीची पोरं?’

‘सगळी उभी राहिली. एकजात सगळी.’

‘सगळी,’ तो म्हणाला. मग नाक शिंकरलं. ‘वेस्टफालियात म्हणे आपली माणसं पुष्कळ आहेत. खाणीवर. तिथेही सरकारी शाळाच असणार.’

‘असणारच.’

‘आणि तिथेही जर्मनच.’

‘असू दे की,’ मी म्हटलं. ‘स्टेशनमास्तर कागद द्यायला येईल तेव्हा त्याला म्हणावं, तिथल्या मास्तरला आधीच कळवून ठेवा, आम्ही येतोय.’